अर्धा सेकंद

वहीवर माझंच अक्षर आहे:
दस्तगीर बाबालाल मणेर, घड्याळजी, गंगावेश.
आत एकतीस शर्यती, सगळ्या एकाच माणसाच्या.
काल रात्री बेरीज केली.
पाच मिनिटं, एकोणतीस सेकंद.
एवढ्यात आमच्या चुलीवर दुधाला उकळीसुद्धा येत नाही.

केरबा दिंडे. म्युन्सिपालटीचा दिवेवाला.
खांद्यावर शिडी, हातात रॉकेलचा डबा,
दिवस मावळला की शुक्रवार पेठेतनं सुटायचा.
शिडी टेकली, काच पुसली, वात लावली, उतरला, पळाला.
चौसष्ट खांब.
पोरं म्हणायची, केरबा मागं बघत नाही,
बघितलं तर दिवा विझतो.
एका संध्याकाळी ड्रिलमास्तरांचा टांगा त्याच्या मागं पडला.
टांगेवाल्यानं घोड्याला शिवी दिली,
मास्तरांनी मला निरोप धाडला: घड्याळ घेऊन या.

शंभर यार्ड. चुन्याच्या दोन रेघा.
पण गाव कुस्तीचं.
इथं जोड लागली की पाऊण पाऊण तास
माणसं श्वास धरून बसणार.
केरबाची शर्यत पान लावेपर्यंत संपायची.
'झाली?'
'झाली की.'
'कोण आलं?'
आणि पुन्हा चुन्याची डबी मागायची.

इनामात एकदा फेटा, एकदा पितळी तांब्या,
मिरजेत नुसतं भाषण.

मुंबईहून खिळ्यांचे बूट आले,
त्यात पंजा मावेना. शिडीनं पसरवलेला पंजा तो.
मग येसबा सातपुतेनं म्हशीचं कातडं घेतलं,
तळाला सहा सहा खिळे ठोकले, म्हणाला,
'चपलेला करकर लागती. ह्याला गप बसवलंय.'

एकोणीस सालचा पौष.
रंकाळ्यावरचं धुकं अजून मैदानात होतं.
बार उडाला, मी खटका दाबला,
दोरी तुटली, पुन्हा दाबला.
दहा.
पंचांनी घड्याळ माझ्या तळहातातच वाकून बघितलं,
मग पटके उडाले.
त्या आकड्यावर दरबारातनं पुण्याचं तिकीट निघालं.
तिथं जो निवडला जाईल तो बोटीत बसणार होता.

पुण्यात घड्याळं तीन होती.
तिन्ही म्हणाली, साडेदहा.
चौथा आला.
गाव म्हणालं, पाणी बाधलं.
आत्या म्हणाली, दृष्ट.
केरबा काही म्हणाला नाही,
उतरला त्याच संध्याकाळी शिडी उचलली.

त्या आठवड्यात मी घड्याळ उघडलं.
आत तेलाचा मध झालेला.
थंडीत चक्र जड चालत होतं,
दर दहा सेकंदांमागं अर्धा सेकंद खात होतं.
पुसून काढलं, सुईच्या टोकाएवढं नवं तेल घातलं.
वहीला हात लावला नाही.

पुढं तारा आल्या, विजेचे खांब आले.
शिडी लिलावात गेली, बारा आण्याला.
केरबा रुकडीच्या रेल्वे फाटकावर लागला.
बाजाराला आला की दुकानी येतो,
बाकड्याच्या कडेवर बसतो.
'दस्तगीरभाई, वाचा की.'
मी वाचतो: पौष, शंभर यार्ड, दहा.
तो चहा बशीत ओततो.

परवा मात्र भिंतीकडं बघत राहिला.
दुरुस्तीला आलेली अकरा घड्याळं, अकरा वेळा.
'ह्यातलं बरोबर कंचं?'
'कुठलंच नाही,' मी म्हणालो,
आणि मग तोंडातनं निघूनच गेलं,
'पुण्याची बरोबर होती, केरबा.'

तो हसला नाही. रागावलाही नाही.
बशीचा शेवटचा घोट घेतला.
'पायाला कळतंय की वो.
पौषात बधिर झालते पाय.
दहा कसं येईल?'

उठला. टोपी झटकली.
'पण वाचत जावा.
तुम्ही वाचताय तेव्हा बरं वाटतंय.'

पायरीवर चप्पल करकरली.
पाचची गाडी गाठायची होती त्याला.
चालतच गेला.